गोव्यात नक्की कुठे उतरायचं?

कळमेश्वरचा माणूस समुद्र बघायला निघाला की त्याला आधी काटोल रोडनं नागपूर गाठावं लागतं. तिथून पुढे मुंबई, गोवा, जे काय असेल ते. आमच्या घरी समुद्र ही कायम पुढच्या वर्षीची गोष्ट होती. बाबांची एमआयडीसीतली नोकरी, मग बहिणीचं लग्न, मग घराचं वरच्या मजल्याचं बांधकाम. शेवटी 2023च्या डिसेंबरात मी ठरवलं की आता बास, या वेळी दोघांना घेऊन जायचंच. बाबा सदुसष्ट वर्षांचे, पहिलाच विमानप्रवास. आईनं नेहमीप्रमाणे चिवड्याचा डबा भरला आणि अंबिया बहाराची दोन किलो संत्री पिशवीत घातली. "गोव्यात संत्री भेटत नसतील," असं तिचं म्हणणं. भेटतात गं आई, सगळीकडे भेटतात. पण ऐकतं कोण.

आता माझा व्यवसाय असा की दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. त्यामुळे सहलीचं नियोजन मी अगदी स्प्रेडशीट करून वगैरे केलं होतं. हॉटेल कोलव्याला, समुद्रापासून चालत पाच मिनिटं, म्हणजे बाबांच्या गुडघ्यांना त्रास नको. विमान मुंबईत बदलून गोवा. सगळ्यात स्वस्त तिकीट शोधलं आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो.

विमान उतरलं, बेल्ट सोडले, फोन चालू केला आणि नकाशा उघडला. कोलवा सत्तर किलोमीटरच्या आसपास. म्हटलं काहीतरी घोळ आहे, जीपीएस गंडलंय. मग खिडकीबाहेर पाटी वाचली: मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, मोपा. मी तिकिटावर फक्त "गोवा" वाचलं होतं. शेवटची तीन अक्षरं वाचलीच नव्हती. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. पहिला दक्षिणेकडे, वास्कोजवळ. दुसरा अगदी उत्तरेला, पेडणे तालुक्यात, जिथून महाराष्ट्राची हद्द हाकेच्या अंतरावर. दाबोळीहून कोलवा अर्ध्या-पाऊण तासात येतं. मी मात्र आई-बाबांना घेऊन गोव्याच्या बरोब्बर विरुद्ध टोकाला उतरलो होतो. एका अक्षराची चूक. कोडमध्ये केली असती तर निदान कंपायलर तरी ओरडला असता!

बाहेर टॅक्सीच्या काउंटरवर कोलव्याचं भाडं ऐकलं. ते एका माणसाच्या विमान तिकिटाच्या आसपास जात होतं. मी घासाघीस करायला तोंड उघडलं, पण दरपत्रक समोर लावलेलं होतं आणि मागे रांग. बस होती, पण बॅगा, संत्री आणि गुडघे बघता मडगावला उतरून पुन्हा कोलव्याची गाडी शोधायची हिंमत होईना. पैसे भरले. आणि तेवढ्यात बाबांनी विचारलं:

"एवढुसं राज्य, अन् विमानतळ दोन दोन काहून? अन् जिथं लोकं जातात तिथं काहून नाही बांधला?"

मी तेव्हा "अहो बाबा, चला गाडीत बसा" असं म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात राहिला. परत आल्यावर काही शनिवार-रविवार त्याच्या मागे लागलो. हा लेख म्हणजे बाबांना दिलेलं उशिराचं उत्तर.

*

आधी आपल्या नागपूरचं उदाहरण घेऊ, म्हणजे मुद्दा सोपा होईल. विमानतळ कुणासाठी आणि कशासाठी सुरू झाला यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरतं. 1949 साली भारतात रात्रीची हवाई डाक सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र यायची. डाकेच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, प्रवासीही या विमानातून त्या विमानात बसायचे आणि पहाटेपर्यंत चारही विमानं आपापल्या गावी परत. बाबांचे एक काका पोस्टात होते. ते त्या रात्रींबद्दल सांगताना म्हणत की अख्खं नागपूर झोपलेलं असताना सोनेगावला दिवस उजाडलेला असायचा. अमेरिकेत फेडेक्सनं मेम्फिसला रात्री पार्सलं एकत्र आणून वाटायला सुरुवात केली ती 1973 साली. म्हणजे ती युक्ती आपल्याकडे चोवीस वर्षं आधीच चालू होती.

पण गंमत बघा. त्या सेवेला नागपूर हवं होतं ते फक्त नकाशाच्या मधोमध आहे म्हणून. त्या प्रवाशांना नागपुरात जायचंच नव्हतं. तळावर उतरायचं, चहा प्यायचा, दुसऱ्या विमानात बसायचं. गावात जायचा रस्ता कसा आहे, टांगा मिळतो का, याच्याशी त्यांना काहीही देणंघेणं नव्हतं.

गोव्याचा दाबोळी असाच. त्याला पर्यटक हवे होते म्हणून तो जन्मला नाही. तो जन्मला कोंडीतून.

*

1947 साली इंग्रज गेले, पण पोर्तुगीज गेले नाहीत. गोवा, दमण, दीव, दादरा-नगरहवेली त्यांच्याच ताब्यात राहिलं. 1954च्या पावसाळ्यात दादरा आणि नगरहवेली स्वयंसेवकांनी मुक्त केलं. त्यानंतर पोर्तुगिजांना आपल्याच उरलेल्या तुकड्यांमध्ये जायचं तर मध्ये भारताची जमीन आडवी येऊ लागली. 1955च्या ऑगस्टमध्ये सत्याग्रहींवर गोळीबार झाला, माणसं मेली आणि भारतानं आर्थिक नाकेबंदी आणखी आवळली. रेल्वे बंद, सरहद्द बंद. मुंबईत तेव्हा हजारो गोवेकर नोकरीला होते, गिरगाव-धोबीतलावच्या कुडांमध्ये राहणारे. त्यांचं गाव एका रात्रीत परदेश झालं.

गोव्यात बटाटे हॉलंडहून, सिमेंट जपानहून यायला लागलं. ज्या भूमीला सगळ्या बाजूंनी दार बंद, तिला उरतात दोन वाटा: समुद्र आणि आकाश. समुद्राची वाट मुरगाव बंदरात होतीच. आकाशाची वाट म्हणून त्याच बंदराच्या डोक्यावर, दाबोळीच्या पठारावर, 1955 साली विमानतळ उभा राहिला. पुढे त्याला तेव्हाचे गव्हर्नर जनरल बेनार्द गेदिश यांचं नाव दिलं गेलं. त्याच वर्षी 'ताइप' नावाची विमानसेवा निघाली, पूर्ण नावाचा अर्थ पोर्तुगीज भारताची हवाई वाहतूक. तिची विमानं दमणला, दीवला आणि कराचीला जायची. पुढे लिस्बनपर्यंत. कराची का? तर भारत आपल्या हवेतून जाऊ देत नव्हता, आणि पाकिस्तान देत होता. राजकारणात शेजाऱ्याचा शेजारी उपयोगी पडतो, दुसरं काय!

आता बाबांच्या प्रश्नाचा अर्धा भाग इथेच सुटतो. "जिथं लोकं जातात तिथं काहून नाही?" कारण 1955 साली कळंगुटला कुणी जात नव्हतं. म्हणजे गोव्यातली माणसं मे महिन्यात हवापालटाला जायची, पण विमानानं येऊन वाळूत आडवं पडणारा पर्यटक हा प्राणी अजून जन्माला यायचा होता. विमानतळाला हवं होतं सपाट पठार आणि शेजारी बंदर. दोन्ही दाबोळीला मिळालं.

तुलनेसाठी मेक्सिकोतलं कॅनकून घ्या. ते सरकारनं 1970च्या दशकात कागदावर आखून वसवलं. हॉटेलांची पट्टी इथे, कामगारांचं गाव तिथे, विमानतळ या बाजूला, मध्ये रस्ता. सगळं पर्यटक डोळ्यासमोर ठेवून. आमच्या भाषेत सांगायचं तर तिथे आधी रिक्वायरमेंट लिहिल्या आणि मग सिस्टिम बांधली. गोव्यात सिस्टिम एका कारणासाठी बांधली, कारण संपलं, सिस्टिम राहिली, आणि मग त्यावरच सगळे वापरकर्ते येऊन आदळले. ज्यांनी जुन्या कोडवर काम केलंय त्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको.

*

ते कारण संपलं 18 डिसेंबर 1961ला. सकाळी पुण्याहून उडालेल्या भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. दोन हल्ले झाले. सूचना अशी होती की धावपट्टी निकामी करा, पण इमारती वाचवा. धावपट्टीची चाळण झाली, टर्मिनल शाबूत राहिलं. तळावर दोन पोर्तुगीज प्रवासी विमानं उभी होती, त्यांनाही धक्का लागला नाही. रात्री पोर्तुगिजांनी घाईघाईनं खड्डे बुजवले आणि त्याच दोन विमानांतून अधिकाऱ्यांची कुटुंबं अंधारात उडून गेली, कराचीकडे. दुसऱ्या दिवशी, 19 डिसेंबरला, गोव्याचं पोर्तुगीज राज्य संपलं. साडेचारशे वर्षांचं.

मला त्या रात्रीचा विचार करताना थांबायला होतं. दाबोळीहून त्या रात्री निघालेले ते लोक म्हणजे त्या विमानतळाचा खरा, मूळ उपयोग करणारे शेवटचे प्रवासी. त्यानंतर तो तळ कुणाचा हा प्रश्न पडला, आणि उत्तर मिळालं: आरमाराचा. 1962मध्ये नौदलानं तो ताब्यात घेतला. 1964मध्ये कोईंबतूरजवळच्या सुलूरहून आयएनएस हंसा हा नौदलाचा हवाई तळ इथे हलला. विक्रांत या विमानवाहू जहाजाची सी हॉक विमानं इथली, नंतर सी हॅरियर इथली, त्यानंतर मिग-29के इथली. नागरी विमानांना त्या तळाचा एक कोपरा मिळाला.

लक्षात घ्या, यात कुणाची चूक नाही. पश्चिम किनाऱ्यावर नौदलाला असा तळ हवाच होता. पण परिणाम असा झाला की पुढची कित्येक वर्षं कामाच्या दिवशी सकाळचे तास नौदलाच्या सरावासाठी राखलेले. मग नागरी विमानं सगळी दुपारी. म्हणजे चार-पाच विमानं पाठोपाठ उतरणार, सगळ्यांच्या बॅगा एकदम येणार, सगळे एकदम बाहेर पडून टॅक्सीच्या काउंटरवर एकदम गर्दी करणार. दाबोळीची जुनी गर्दी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना वाटायचं की इथली माणसं ढिसाळ आहेत. माणसं ढिसाळ नव्हती हो, वेळापत्रकच तसं होतं. दिवसभराचं पाणी दोन तासांत एकाच नळानं सोडलं तर बादलीची काय चूक?

*

बरं, उतरलात. आता पुढे? इथे गोव्याचा भूगोल आडवा येतो. दाबोळीहून पणजी तीसेक किलोमीटर, पण मध्ये जुवारी नदी. पणजीहून कळंगुटला जायचं तर मध्ये मांडवी. आणि या नद्या म्हणजे आपल्या उन्हाळ्यातल्या नाग नदीसारख्या नव्हेत, खाडीच झालेल्या असतात. पूल नव्हते तोवर कुठ्ठाळीला उतरायचं, फेरीबोटीत चढायचं, आगशीला उतरायचं, पणजीला यायचं, पुन्हा फेरीबोट, मग बेती, मग पुढे. मांडवीवरचा पूल 1970मध्ये झाला. जुवारीवरचा 1983मध्ये. म्हणजे विमानतळ होऊन तब्बल अठ्ठावीस वर्षांनी राजधानीला जायचा सलग रस्ता मिळाला! आणि तो आनंद तीनच वर्षं टिकला, कारण 5 जुलै 1986ला मांडवीचा पूल कोसळला. उत्तरेकडे जाणारे पुन्हा फेरीबोटीत. नवा पूल यायला 1990चं दशक उजाडलं.

त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकांत साध्या माणसाचं गोव्याला जाणं म्हणजे मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून बोट. हिप्पी मंडळीही बरीचशी अशीच आली. बोट थेट पणजीच्या धक्क्याला लागायची. विमान हे अधिकाऱ्यांचं, खाणमालकांचं, आणि 1974मध्ये आग्वादला ताजचं हॉटेल झाल्यावर पैसेवाल्या पाहुण्यांचं.

मग 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपातून थेट चार्टर विमानं यायला लागली, आणि विमानतळाबाहेरचं दृश्य बदललं. चार्टर म्हणजे काय, तर लंडन किंवा फ्रँकफर्टच्या दुकानात गिऱ्हाईक एकच पावती फाडतं. त्यात विमान, हॉटेल, आणि विमानतळावरून हॉटेलपर्यंतची बसही. तो दाबोळीला उतरतो, समोर पाटी धरून मुलगी उभी असते, तो बसमध्ये बसतो, झोपतो, हॉटेलच्या दारात जागा होतो. त्याला गोव्याचं अंतर कधी कळतच नाही. त्याच काळात 'जागृत गोंयकारांची फौज' या गटानं अशा पर्यटनाविरुद्ध आवाज उठवला. त्यांचं म्हणणं साधं होतं: पैसा तिकडेच भरला जातो, तिकडेच राहतो, इथल्या गावाला मिळतं काय? आटलेल्या विहिरी आणि बंद झालेली किनाऱ्याची वाट.

आणि या प्रश्नाला गावानं दिलेलं एक उत्तर म्हणजे टॅक्सी. हे मला फार उशिरा कळलं. किनाऱ्यावरच्या गावांत ज्याची जमीन गेली, ज्याचा मासेमारीचा धंदा बसला, त्यानं कर्ज काढून व्हॅन घेतली आणि हॉटेलाबाहेरच्या रांगेत लावली. हॉटेल कुणाचंही असो, बाहेरची रांग गावची. ज्यांना चारचाकी जमली नाही त्यांनी मोटारसायकल. गोव्यात मोटारसायकलवर भाड्यानं माणूस नेणाऱ्याला पायलट म्हणतात. पिवळा मडगार्ड, रीतसर परवाना. शहरांत ॲपवरून बाइक टॅक्सी बोलावण्याचं कौतुक आपण आत्ता आत्ता केलं, पायलट तिथे कित्येक दशकं आधीपासून आहेत.

म्हणूनच ॲपवाल्या टॅक्सीला गोव्यात इतका कडवा विरोध झाला. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला, माझा पहिला कल ॲपच्या बाजूनं. मीटर नाही, भाव ठरलेला नाही, दुसऱ्याला येऊ देत नाहीत, ही कसली दादागिरी, असं मीही तावातावानं बोललोय. 2018मध्ये गोवा माइल्स हे राज्यापुरतं ॲप आलं, त्यावरूनही संप-आंदोलनं झाली. डिजिटल मीटरसाठी प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. प्रवाशाची तक्रार खोटी नाही. रात्री अकराला लेकरं घेऊन उभ्या असलेल्या बाईला कुणी तोंडाला येईल तो भाव सांगावा हे वाईटच. पण बाली म्हणा, फुकेत म्हणा, जिथे जिथे पर्यटनानं गाव गिळलं तिथे तिथे हेच भांडण सापडतं. विमान परक्याचं, हॉटेल परक्याचं, बुकिंग परक्याचं. विमानतळाच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंतचा तुकडा तेवढा गावाच्या हाती उरतो. तो सोडायला कोण तयार होईल?

2019च्या सप्टेंबरात इंग्लंडची थॉमस कूक ही जुनी कंपनी बुडाली, चार्टरांना मोठा फटका बसला, त्यामागून कोविड. पण तोवर गोव्याचा खरा गिऱ्हाईक बदललेला होता. तो म्हणजे तुम्ही आणि मी. लाँग वीकेंडला स्वस्त तिकीट काढून येणारे. कोविडच्या आधी दाबोळीवरून वर्षाला ऐंशी लाखांहून जास्त प्रवासी ये-जा करत होते. नौदलाच्या तळाच्या एका कोपऱ्यातून! आणि आपल्यासाठी पाटी धरून कुणी उभं नसतं.

*

तर दुसरा विमानतळ हवा होता यात वाद नाही. वाद होता कुठे यावर. उत्तरेतलं मोपाचं पठार निवडलं गेलं. 2000 साली केंद्रानं मान्यता दिली तेव्हा विचार असा होता की मोपा झाला की दाबोळीची नागरी वाहतूक बंद. मग दक्षिण गोवा खवळला. मडगाव, कोलवा, वास्को इथल्या लोकांनी म्हटलं आमचं पोट मारता की काय. पुढे दोन्ही ठेवायचं ठरलं. 2016च्या नोव्हेंबरात पायाभरणी, 2019मध्ये सुप्रीम कोर्टानं पर्यावरण मंजुरी रोखली, 2020च्या जानेवारीत वाट मोकळी केली, 11 डिसेंबर 2022ला उद्घाटन, आणि 5 जानेवारी 2023पासून विमानं. नाव मनोहर पर्रीकरांचं.

मोपा नव्यानं आखलेला, खाजगी कंपनीनं बांधलेला. नौदल नाही, सकाळचे तास राखीव नाहीत. पण पहिल्याच वर्षी तिथेही बाहेरच्या दारावर भांडण उभं राहिलंच. पेडण्यातले टॅक्सीवाले म्हणाले, जमीन आमच्या तालुक्याची, तर काउंटर आमचा हवा. आंदोलन झालं आणि स्थानिकांना तळावर जागा मिळाली.

आम्ही ज्याच्या गाडीत बसलो तो यांच्यापैकीच एक होता. चाळिशीचा, शांत माणूस. पेडण्यातली मंडळी मराठी उत्तम बोलतात, त्यामुळे बाबांची कळी खुलली. पहिली दहा मिनिटं हवापाण्यात गेली. संत्र्याचा भाव, काजूचा भाव. मग तो सहज म्हणाला, "आमची काजूची झाडं तिथेच होती काका, आता तुम्ही उतरलात ना, त्याच पठारावर."

मागच्या सीटवर मी फोनमध्ये होतो. बाबा एकदम पुढे सरकले. म्हणाले, "किती भेटले मग?"

हा प्रश्न शहरी कानाला उद्धट वाटेल. पण तो मागचा संदर्भ मला माहीत होता. माझी आत्या शिवणगावची. नागपूर विमानतळाच्या कुंपणाला लागून असलेलं गाव. मिहान प्रकल्पात तिच्या सासरची शेती गेली. मोबदला, वाढीव मोबदला, पुनर्वसनाचा प्लॉट, कोर्ट, मोर्चे, हे शब्द मी लहानपणापासून जेवताना ऐकत आलोय. विमानतळ मोठा होणार, कार्गो हब होणार, तुमच्या पोरांना नोकऱ्या लागणार, असं सांगितलं होतं. आत्याचा धाकटा मुलगा बरीच वर्षं विमानतळाबाहेर दुसऱ्याची गाडी चालवत होता. बाबांच्या लेखी विमानतळ म्हणजे उडायची जागा कधी नव्हतीच. गेलेल्या शेताचं नाव होतं ते.

ड्रायव्हरनं आकडा सांगितला. बाबांनी आत्याचा सांगितला. दोघं काही वेळ गप्प. मग ड्रायव्हर म्हणाला, "काजू दरवर्षी यायचे. पैसे एकदाच आले." बाबा म्हणाले, "अन् ते घर बांधण्यात गेले." तो हसला. "तुम्हाला कसं कळलं?"

त्यानंतर दोघांचं असं काही जमलं की जुवारीचा नवा पूल कधी आला ते मला कळलंच नाही. खरं म्हणजे मी त्या पुलासाठी कॅमेरा काढून बसणार होतो. केबलवर टांगलेला, पहिल्या चार लेन 2022च्या डिसेंबरअखेर सुरू झालेल्या. बाबांनी मात्र पूल संपता संपता विचारलं की हा कुणी बांधला. उद्घाटन गडकरींनी केलं असं ऐकल्यावर "आपल्या नागपूरचे" असं म्हणून त्यांनी छाती काढली. :)

कोलव्याला उतरल्यावर मी मनातल्या मनात भाड्याचा हिशेब पुन्हा करत होतो. सत्तर किलोमीटर यायचं आणि बहुतेक रिकामं परत जायचं, गाडीचा हप्ता, डिझेल. काउंटरवर जो आकडा लूट वाटला होता तो दोन तासांनी तसा वाटेना. महागच होता, पण लूट नव्हती. आईनं पिशवी उघडून त्याला चार संत्री दिली. त्यानं एक तिथेच सोलून खाल्लं आणि "आमच्याकडे अशी येत नाहीत" म्हणाला. आईनं माझ्याकडे असं काही बघितलं की विचारू नका.

*

आता ज्यांना इतिहासाशी देणंघेणं नाही, फक्त माझ्यासारखं फसायचं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. तिकीट काढताना "गोवा" या शब्दावर भरवसा ठेवू नका, कोड बघा. मांद्रे, मोरजी, हणजूण, कळंगुट, म्हणजे मांडवीच्या उत्तरेला राहणार असाल तर मोपा. कोलवा, बाणावली, पाळोळे, म्हणजे जुवारीच्या दक्षिणेला असाल तर दाबोळी. पणजीला कुठूनही साधारण सारखंच पडतं. तिकिटातला फरक मोजताना टॅक्सीचं भाडं त्यात धरा, कारण स्वस्त तिकीट बऱ्याचदा रस्त्यावर महाग होतं. एकटे असाल, सामान कमी असेल तर कदंबच्या बसची वेळ आधी बघून ठेवा. टॅक्सी तळावरच्या अधिकृत काउंटरवरून घ्या आणि पावती जपून ठेवा. मोपाला महामार्गाशी जोडणारा साताठ किलोमीटरचा उन्नत रस्ता 2024मध्ये सुरू झाला, त्यामुळे आम्हाला जे गावातले रस्ते लागले ते तुम्हाला लागणार नाहीत. आणि गाडीत बसल्यावर कानातलं काढून ड्रायव्हरशी दोन शब्द बोला. हे शेवटचं मला बाबांनी शिकवलं.

परतीचं तिकीट मी शहाणपणानं बदलून दाबोळीचं केलं. अर्ध्या तासात पोहोचलो. नौदलाची भिंत, फोटो काढू नका अशी पाटी, भिंतीपलीकडे ती धावपट्टी. मी बाबांना 1961ची गोष्ट सांगायला लागलो. बॉम्ब, खड्डे, अंधारात उडालेली विमानं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "1955ले इथं बांधला तवा कोनाची जमीन होती?"

मला माहीत नव्हतं. मी इतकं सगळं वाचलं, त्यात बॉम्बचा हिशेब होता, विमानांची नावं होती, गव्हर्नर जनरलचं नाव होतं. पठार कुणाचं होतं ते कुठे नव्हतं.

घरी पोहोचल्यावर रात्री आत्याचा फोन आला. कसा होता समुद्र, विमानात भीती वाटली का, वगैरे झालं. मग तिनं विचारलं की तिथला विमानतळ कसा आहे.

"चांगला आहे. मोठा आहे," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "बाहेर तुह्यासारखेच लोकं हायेत."